उंबऱ्याबाहेरची कुंची

भाचीचे दिवस भरत आले होते आणि बाळंतविडा करायचं मी अंगावर घेतलं होतं. आईच्या जुन्या वहीत त्याची यादी सापडली, माझ्या बाळंतपणाच्या वेळची. झबली १२, टोपडी ६, दुपटी ८, लंगोट २४, बाळोती जुनेराची, कुंच्या ३, त्यातली एक खणाची. मी मोठ्यानं वाचत होते आणि भाची पलंगावर पाय लांब करून ऐकत होती. झबली, टोपडी, दुपटी यांना तिनं मान डोलावली. मग म्हणाली, "मावशी, कुंच्या म्हणजे?"

"अगं, थंडीत बाळाला घालतात ती. टोपीसारखी असते."

"मग टोपडं कशाला लिहिलंय वेगळं?"

"टोपडं वेगळं. हिला मागं लांब पाठीपर्यंत कापड असतं."

"म्हणजे हूडी."

"हूडीला बाह्या असतात."

"मग शाल झाली ना ती!"

"शालीला डोकं नसतं गं."

यापुढे मला काही सुचेना. ज्या शब्दावर मी लहानाची मोठी झाले, तो मला सांगता येत नव्हता. शेवटी टेबलावरचा जेवणाचा नॅपकिन उचलला. उभा धरून मधोमध दुमडला, वरच्या कडेची दोन टोकं जुळवून चिमटीत धरली आणि तो माझ्या मुठीवर चढवला. मूठ म्हणजे बाळाचं डोकं आणि मनगटापासून कोपरापर्यंत लोंबणारा नॅपकिन म्हणजे पाठ. भाचीनं हात पुढे करून हनुवटीच्या जागी दोन्ही कडा ओढून घेतल्या. "इथं बांधायचं का?" तिनं विचारलं. शब्द कळला होता.

कुंचीचं शिवणकाम खरोखर एवढंच आहे. साधारण हातभर लांब असं एक आयत कापड घ्यायचं, दुमडायचं आणि वरच्या कडेला एक शिवण मारायची. त्या शिवणीनं डोक्यामागे टोक तयार होतं. गळ्याशी थोड्या चुण्या आणि दोन बंद. हौस असेल तर चेहऱ्याभोवती झालर, टोकाला गोंडा, आतून मऊ अस्तर. पण साध्या कुंचीला कात्री लावावीच लागत नाही. शिवण उसवली की पुन्हा सपाट कापड, म्हणजे कुंचीचं दुपटं. आई असंच करायची. थंडी संपली की कुंची उसवून ती दुपट्यांच्या घडीत जायची आणि पुढच्या कार्तिकात, घरात नवीन बाळ असेल तर, पुन्हा शिवली जायची.

दुपटं म्हणजे दोन पटांचं, दोन पदरी. आपल्या मुलांच्या कपड्यांची नावं अशी उघड असतात. अंगावरचं ते अंगडं, टोपीचं लहान रूप ते टोपडं. आणि भाचीला समजावताना पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की ही सगळी मंडळी नपुंसकलिंगी आहेत. ते झबलं, ते अंगडं, ते टोपडं, ते दुपटं, ते बाळोतं. जसं ते बाळ, ते लेकरू, ते पिल्लू, ते वासरू, ते कोकरू. मराठीत जे तान्हं आहे त्याला आपण अजून 'तो' किंवा 'ती' करत नाही. त्याचे कपडेही मग त्याच्या बरोबरीनं 'ते' होऊन बसतात. लंगोट तेवढा 'तो', कारण तो मोठ्या माणसांचाही आहे, तालमीतल्या पैलवानाचाही आहे.

आणि या सगळ्या 'ते'मध्ये कुंची एकटी 'ती'. काही घरांत तिलाही कुंचडं म्हणतात आणि बाकीच्यांच्या रांगेत बसवतात, पण आमच्याकडे ती कायम कुंचीच राहिली. मला ती नेहमी इतर कपड्यांपेक्षा थोडी वयानं मोठी वाटते, बाळाला घेऊन बाहेर जाणारी थोरली बहीण असावी तशी.

क्रियापदं पाहिली तर आणखी मजा वाटते. झबलं घालतात. टोपडं बांधतात. दुपट्यात गुंडाळतात. शाल पांघरतात. कुंची मात्र डोक्याकडून पाहिली तर घालतात, हनुवटीकडून पाहिली तर बांधतात आणि पाठीकडून पाहिली तर पांघरतात. आई तिन्ही म्हणायची. बाळ कडेवर असेल तर "कुंची घाल", वारा सुटला असेल तर "कुंची बांध नीट", आणि मूल खांद्यावर झोपलं असेल तर आवाज खाली आणून "कुंची पांघर जरा". मला सूचना वेगळी कळायची, पण शब्द वेगळा आहे हे जाणवायचं नाही.

लहानपणी माझी समजूत होती की कुंची हा शब्द कुंचल्यावरून आला. आमच्या खणाच्या कुंचीला टोकाशी रेशमी गोंडा होता, तो अगदी रंगाऱ्याच्या कुंचल्यासारखा दिसायचा. कुंचा आणि कुंचला संस्कृत कूर्चाच्या घरातले. पण कुंचीची सोयरीक मला नंतर दक्षिणेकडे सापडली. कानडीत बाळाच्या अशाच डोक्यापासून पाठीपर्यंतच्या पांघरुणाला कुंचिगे म्हणतात. आणि कुंचीचा खण तर तिकडूनच येतो, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून. अरुंद पन्ह्याचं, बारीक नक्षीचं, काठांचं ते कापड एका चोळीपुरतं विणलेलं असतं, आणि एका चोळीच्या कापडात एक कुंची आरामात बसते. आईची एखादी चोळी शिवायची राहून जायची आणि त्या खणाची कुंची व्हायची. काठ चेहऱ्याभोवती यायचा. बाळाचं तोंड चौकटीत बसवल्यासारखं दिसायचं.

खणाची कुंची मात्र मिरवायची. रोजची कुंची जुनेराची. जुनेर हा शब्दही भाचीला माहीत नव्हता आणि तो सांगताना मला जरा भरून आलं. वापरून वापरून, धुऊन धुऊन विरत चाललेलं लुगडं म्हणजे जुनेर. नव्या कापडात खळ असते, ती तान्ह्याच्या कातडीला टोचते. जुनेरातली खळ कधीच गेलेली असते, धागा मऊ पडलेला असतो, आणि त्याला घरातल्याच एका बाईचा वास असतो. माझ्या मुलाच्या दोन्ही कुंच्या माझ्या आजीच्या नऊवारीच्या होत्या. आजी तो जन्मायच्या आधी दोन वर्षं गेली होती. पुण्याच्या जानेवारीत मी त्याला संध्याकाळी खाली घेऊन निघाले की आजीच्या लुगड्याचा तो विटका जांभळा रंग माझ्या खांद्यावर असायचा.

पुण्याची थंडी आता बोलण्यापुरती उरली असं लोक म्हणतात. पण याच शहरात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. त्या रात्री किती घरांत किती कुंच्या बांधल्या गेल्या असतील, असा विचार मनात येतो. तेव्हा बाळाला दुसरं होतंच काय! लोकरीची कानटोपी आणि विणलेले मोजे सगळ्यांच्या घरी नव्हते. दुपटं, गोधडी, शेगडीची ऊब आणि बाहेर पडायचं झालं तर कुंची.

बाहेर पडायचं झालं तर. इथे मला थांबलं पाहिजे, कारण या शब्दाचा खरा अर्थ मला एका दुपारी कळला आणि तो मी अजून विसरले नाही.

मुलगा चार महिन्यांचा होता. त्याला घेऊन मी लसीसाठी जाऊन आले होते. रात्रभर जागरण, त्यात रांगेत तास-दीड तास उभी. घरी आले, तो खांद्यावर झोपला होता, म्हणून तसाच अलगद पाळण्यात ठेवला. कुंची काढायला गेले तर उठेल, म्हणून काढली नाही. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. आई बाहेरून आली आणि पाळण्यात डोकावली. तिनं हाक मारली नाही, काही बोलली नाही. मला फक्त पाळण्याची कडी खाडकन वाजलेली ऐकू आली. मी धावत गेले. मुलानं कूस बदलली होती, डोकं फिरलं होतं आणि कुंची जागच्या जागी राहिली होती. टोकाचं कापड त्याच्या नाकातोंडावर आलं होतं. आईनं बंद सोडायचाही वेळ घेतला नव्हता, ओढून तोडलाच होता. तो रडला. तो रडला म्हणून आम्ही दोघी मटकन खाली बसलो.

आई मला रागावली नाही. संध्याकाळी तुटलेला बंद शिवता शिवता एवढंच म्हणाली, "उंबऱ्याच्या आत टोपडं, उंबऱ्याच्या बाहेर कुंची. आलीस की आधी कुंची काढायची, मग चप्पल."

तेव्हापासून कुंची हा शब्द माझ्यासाठी उंबऱ्याशी बांधला गेला. कुंची हा घरात घालायचा कपडाच नव्हे, ती वाटेवरची आहे. बाळ कुणाच्या तरी अंगावर असताना, कुणाचा तरी हात त्याच्या पाठीवर असताना घालायची. पाळण्यात एकट्या पडलेल्या बाळाच्या अंगावर ती नसते. आजीच्या, पणजीच्या काळी हे कुणी सांगावं लागत नसेल, कारण बाळ फारसं एकटं पडतच नसे.

भाचीला डिसेंबरात मुलगी झाली, तीन आठवडे आधी, वजनानं थोडी कमी. दवाखान्यात पहिल्या काही मिनिटांतच तिला कोरडं करून डोक्यावर टोपी चढवली आणि फक्त टोपी, मोजे आणि लंगोटावर आईच्या उघड्या छातीशी ठेवलं. वरून दोघींवर एकच पांघरूण. नर्सबाई म्हणाल्या, ही कांगारू पद्धत. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली एडगर रे या डॉक्टरांनी ती सुरू केली, तिथे काचपेट्या कमी आणि कमी वजनाची बाळं जास्त म्हणून. मी खुर्चीत बसून त्या दोघींना पाहत होते. अंगावर काही नाही, पण डोक्यावर टोपी. डोकं आधी झाकायचं, हे बोगोटातही तसंच.

त्याचं कारणही मग बालरोगतज्ज्ञांनी समजावलं. जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असतं. आपलं साधारण आठवा हिस्सा. त्यामुळे बाळाच्या कातडीचा सुमारे पाचवा भाग एकट्या डोक्यावर असतो आणि अंगातली ऊब तिथूनच भराभर निघून जाते. त्यात तान्ह्याला हुडहुडी भरत नाही. आपण थंडीत कुडकुडतो, स्नायू थरथरतात, त्यातून ऊब तयार होते. नवजात बाळाला ते जमत नाही. त्याऐवजी त्याच्याकडे एक वेगळी, तपकिरी रंगाची चरबी असते. ती जाळून ते स्वतःला ऊब देतं. आणि ही चरबी असते कुठे? मानेभोवती आणि पाठीवर, दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये.

मी मनातल्या मनात कुंची उलगडून पाहिली. डोकं, मान, पात्यांमधली जागा. कुंची जिथून सुरू होते तिथून जिथवर येते, तिथेच बाळाची सगळी जमा आणि सगळा खर्च. ज्या बायकांनी हा आयत पहिल्यांदा दुमडला त्यांनी तपकिरी चरबीचं नाव ऐकलं नव्हतं. त्यांच्या हाताला रोज संध्याकाळी बाळाची मान थंड लागत असेल, एवढंच.

तेच डॉक्टर पुढे म्हणाले, "घरी गेल्यावर, वजन वाढल्यावर, झोपताना मात्र डोकं झाकू नका. गळ्याशी बंद असलेलं काही घालून पाळण्यात ठेवू नका. ऊब बाहेर जायलाही डोकंच लागतं त्यांना." भाचीनं माझ्याकडे पाहिलं. तिला उंबऱ्याची गोष्ट माहीत होती.

टाळूचंही सांगितलं पाहिजे. आमच्याकडे 'टाळू भरणं' याचे दोन अर्थ. रोज अंघोळीच्या वेळी बाळाच्या टाळूवर तेल घालायचं, ती टाळू भरायची. आणि डोक्यावरचा तो मऊ खळगा, जिथे बोट ठेवलं तर ठोका लागतो, तो हळूहळू हाडानं बुजतो, तीही टाळू भरली. बहुतेक मुलांची ती दीड वर्षापर्यंत भरते. आणि कुंचीचं वयही तेवढंच. एखादी थंडी, फार तर दोन. दुसऱ्या थंडीत मूल चालायला लागतं, कुंचीचा मागचा भाग पायात येतो, ते ती डोक्यावरून ओढून फेकतं. टाळू भरली, कुंची सरली.

म्हणूनच या शब्दाला मोठेपण नाही. अंगडं वाढतं आणि त्याचा अंगरखा होतो. टोपडं वाढून टोपी होतं. कुंचीचा मोठा झालेला शब्द मी शोधत राहिले. कुंचा आहे, पण तो मोरपिसांचा. कुंची मूल चालेपर्यंतच.

आकार मात्र मोठा होतो, नाव बदलून. आषाढात भातलावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवरचं इरलं पाहा. बांबूच्या कामट्या आणि पानं, डोक्यापासून कमरेपर्यंत एकसंध, आणि दोन्ही हात मोकळे. पावसात पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खोचून डोक्यावर घेतलेली गड्याची खोळ पाहा. मेंढपाळानं डोक्यावरून घेतलेली घोंगडी पाहा. डोकं आणि पाठ एका कापडात झाकायची आणि हात कामाला मोकळे ठेवायचे. बाळाला काम नसतं, पण त्याला कडेवर घेणारीला असतं.

बाळंतविड्याच्या खरेदीला मी आणि बहीण दुकानं फिरलो. कुंची म्हटल्यावर तरुण विक्रेत्यानं क्षणभर विचार केला आणि मग "अच्छा, बारशाची!" म्हणत चकचकीत खोका पुढे केला. खणाची कुंची, खणाचं झबलं, तसलीच लोड-गादी, जरीच्या लेसवर मोत्यांची झालर. आतून अस्तर नायलॉनचं. मी बोट घालून पाहिलं, खरखरीत. बंद नव्हतेच, मागे इलॅस्टिक होतं. सुंदर होती, खोटं कशाला बोलू. आत्यानं बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचं, पाठीवर धपाटे खायचे आणि फोटो काढायचे, तेवढा वेळ ती पुरेशी होती. शब्द जगला याचा मला मनापासून आनंद झाला. पण तो थंडीतून उठून समारंभात जाऊन बसला, याची हुरहुरही वाटली. रोजच्या कुंचीबद्दल विचारलं तर त्यानं टेडीचे कान असलेला हूड दाखवला. तोही चांगला मऊ होता आणि मी एक घेतला. शब्द असे सरकत असतात. भाजीबाजारात बिनबाह्यांच्या झबल्यासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीला व्यापारी अजून झबला पिशवी म्हणतात. झबलं माहीत नसलेली मुलंही तिथे ते नाव घेतात.

कुंच्या मग मीच शिवल्या. एक आईच्या सुती लुगड्याची, एक माझ्या जुन्या फलाटणीच्या गाऊनची आणि एक खणाची, तिला आतून आईच्याच लुगड्याचं अस्तर.

भाचीचं सासर निफाड तालुक्यातलं. द्राक्षांचा भाग, आणि थंडीसाठी राज्यात नाव घेतला जाणारा. काही रात्री तिथे पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो आणि शेतकरी बागेत पहाटे शेकोट्या पेटवून धूर करतात. जानेवारीत मी तिच्याकडे चार दिवस राहायला गेले. सकाळी तिच्या सासऱ्यांबरोबर बागेत गेले तर मजूर बायका घडांना कागद लावत होत्या. एकेका घडाभोवती कागद गुंडाळून वर देठाशी बंद करायचा. रात्रीचा गारठा आणि दिवसाचं ऊन यांच्या फरकानं मणी गुलाबी पडतात, मग तो माल परदेशात जात नाही, असं सासरे सांगत होते. ओळीच्या ओळी पांढऱ्या टोकदार टोप्या घालून उभ्या. मी म्हटलं, "घडांच्या कुंच्याच की या." त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "आमची आई बी आसंच म्हणायची." त्यांची आई कुठली, असं मी विचारलं. कागवाडची निघाली, बेळगाव जिल्ह्यातली. कानडी मुलखातली.

तिथून आल्यावर परवा रात्री भाचीचा फोन आला. मुलगी आता पावणेचार किलोची झाली, टाळू रोज भरते, कुंचीच्या टोकाच्या खाली तेलाचा गोल डाग पडलाय, तो निघत नाही. मी तिला डाळीचं पीठ आणि ऊन सांगत होते. ती ऐकत होती आणि मध्येच तिचं लक्ष दाराकडे गेलं. फोन तोंडापासून लांब न धरताच ती नवऱ्याला ओरडली, "अरे, ओसरीवर चाललायस ना तिला घेऊन? कुंची कुठंय तिची? कुंची घाल आधी!"